दहा फुटांवरचा ठिपका

कॅनडातल्या सस्काटूनच्या थंडीविषयी मी जे काही सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं, आणि कुठलं निम्मं ते मलाही आता आठवत नाही. शेजारणीने नोव्हेंबरात दोरीवर वाळत घातलेली पँट मार्चपर्यंत पहारेकऱ्यासारखी ताठ उभी होती आणि नवा पोस्टमन तिला रोज ‘गुड मॉर्निंग’ घालायचा, हे मी किमान चाळीस जणांना सांगितलंय. पण बापू खडतकरांबद्दल सांगताना मला थाप मारावी लागत नाही. उलट थोडं कमी करूनच सांगावं लागतं, नाहीतर लोक विश्वास ठेवत नाहीत.

पुण्याहून मी इथे आलो त्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. बसस्टॉपवर माझा पुतळा व्हायच्या बेतात होता. नाकातला केस न् केस तारेसारखा झाला होता. इतक्यात एक तपकिरी गाडी थांबली, काच बोटभर खाली आली. त्या फटीतून आधी धूर बाहेर आला, मग आवाज.

‘मराठी का?’

‘हो! कसं ओळखलं?’

‘माकडटोपी. असली टोपी घालून चारचौघांत उभं राहायची हिंमत मराठी माणसातच असते. बस मागं. लवकर बस, दार लाव, काकूला हवा लागते.’

आत बसलो आणि मला वाटलं, गाडीला आग लागलीय. धुरातून हळूहळू दोन आकृत्या दिसू लागल्या. स्टिअरिंगवर उंच, वाळका, घारीच्या नाकाचा माणूस. शेजारी शालीचं टोक नाकाशी धरून बसलेली, हसऱ्या डोळ्यांची ठेंगणी बाई. मी खोकत खोकत विचारलं, ‘काच थोडी खाली घेऊ का?’

‘अजिबात नाही!’ बापू गरजले. ‘हिची छाती नाजूक आहे. थंडी बाधते.’ आणि असं म्हणून त्यांनी नवी सिगारेट पेटवली.

निर्मलाकाकूंना थंडी बाधू नये म्हणून बापूंनी तीस हिवाळे गाडीची काच उघडली नाही. ही मात्र थाप नव्हे.

बापू मूळचे नागपूरचे. सत्तरच्या दशकात खाणकामाची पदवी घेऊन इथे आले आणि पोटॅशच्या, म्हणजे खतासाठीच्या क्षाराच्या, खाणीत मोजणीला लागले. जमिनीखाली किलोमीटरभर खोल, गुलाबी मिठाच्या बोगद्यांतून फिरत त्यांनी जन्मभर अंतरं मोजली. मी भेटलो तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते, पण मोजणी काही निवृत्त झाली नव्हती. शर्टाच्या खिशात सिगारेटचं पाकीट आणि पँटच्या खिशात पोलादी मोजपट्टी, या दोन वस्तूंशिवाय त्यांना मी कधी पाहिलं नाही. माझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पानावर बसण्याआधी त्यांनी सोफा ते टीव्ही अंतर मोजलं आणि मी आठ इंचांनी आंधळा होत चाललोय असा निकाल दिला. त्यांचा समीर साडेपाच फुटांवर वाढायचा थांबला, तेव्हा पोरगं बुटकं निघालं हे मान्य करण्यापूर्वी त्यांनी तीन पट्ट्या बदलून पाहिल्या म्हणे. ‘डोळा खोटं बोलते, माणूस तर बोलतेच बोलते,’ ते म्हणायचे, ‘पट्टी नाही बोलत.’ हे बोलताना बघायचे माझ्याकडे.

मला ते ‘पुणेकर’ म्हणायचे. माझी बायको हाक मारते त्या नावाने त्यांनी मला कधीच हाक मारली नाही. आमच्या सतरा घरांच्या मंडळात गणपतीची आरती असली की स्टुलावर चढून धुराने कोकलणाऱ्या छताच्या धूरघंटीला शॉवर कॅप घालायचं काम त्यांचं. बसवायचेही अशा टापटिपीने, की जणू मुंडावळ्या बांधतायत. मग खाली उतरून म्हणायचे, ‘चला, देवाच्या धुराची सोय झाली. आता आपली.’ आणि कोट चढवून बाहेर. मीही मागोमाग. माझ्या बायकोच्या मते मी सिगारेट लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सोडली आहे, त्यामुळे मला त्या काळात बापूंना सोबत करावी लागे. उणे तीसमध्ये आम्ही उभे असायचो आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या, अगदी बाबागाडीतल्या पोराच्याही, तोंडातून वाफेचे लोट निघत असायचे.

‘पाहा,’ बापू म्हणायचे, ‘सहा महिने इथं देवच सगळ्यांना फुकटात पाजून राहिला. बिनपाकिटाची. अन् नाव मात्र माझंच खराब.’

काकू आधी जिन्यात थांबायला लागल्या. बेसमेंटमधून कपडे घेऊन वर येताना चौथ्या पायरीवर बसायच्या आणि ‘काही नाही, जरा हिशोब करून राहिले’ म्हणायच्या. मग दुसऱ्या पायरीवर बसायला लागल्या. मग बेसमेंटमध्ये जाणंच थांबलं. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं गेली आहेत. सावकाश जातात, पण परत येत नाहीत.

‘तुम्ही कधी स्मोक करत होतात?’ त्याने काकूंना विचारलं.

‘नो,’ काकू म्हणाल्या.

मग डॉक्टरने बापूंकडे पाहिलं. शर्टाच्या खिशातून पाकीट डोकावत होतं.

‘काही बोलला नाही तो,’ बापू मला नंतर म्हणाले. ‘बोलला असता तं बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या. नुसता लिहीत राहिला.’

त्या दिवसापासून घरात आणि गाडीत सिगारेट बंद. सोडली नाही, बाहेर नेली. आता उन्हाळ्यात हे ठीक असतं. इथल्या हिवाळ्यात पाच मिनिटांच्या सिगारेटसाठी आधी जाड मोजे, मग बूट, मग कोट, मफलर, टोपी, हातमोजे, आणि परत आल्यावर तेच सगळं उलट्या क्रमाने. बापूंनी अर्थातच मोजलं होतं. एका सिगारेटला बावीस मिनिटं. दिवसाला बारा. म्हणजे जागेपणीचे साडेचार तास काकू घरात एकट्या, आणि त्यांना एकटं असलं की श्वास लागायचा.

‘तुम्ही गेले की मला वाटते माझा श्वासही तुमच्यासंगं कोट घालून गेला,’ त्या एकदा माझ्यादेखत म्हणाल्या. हसतच म्हणाल्या. बापू मात्र बुटाची लेस बांधता बांधता तसेच वाकून राहिले.

मग घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. चाकांवरच्या कपाटाएवढं, म्हातारी मांजर गुरगुरते तसा आवाज करणारं. त्याला पन्नास फूट लांबीची नळी, आणि तिचं टोक काकूंच्या नाकात. बसवायला डग नावाचा माणूस आला होता. लाल दाढीचा, रेड्यासारखा धिप्पाड आणि बोलायला अगदी लोण्यासारखा. मी तेव्हा तिथेच होतो. त्याने घरभर फिरून सांगितलं: आग नको. काडी नको, मेणबत्ती नको, सिगारेट तर नकोच नको. स्वयंपाकाची शेगडी विजेची आहे ना, तरी तिच्यापासूनही दहा फूट लांब. असं सांगत तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आला आणि देव्हाऱ्यापुढे थबकला. आत समई शांतपणे तेवत होती.

‘मॅम, दिस टू,’ तो म्हणाला.

काकू ताठ झाल्या. नाकातली नळी सावरत म्हणाल्या, ‘दिस इज नॉट स्मोकिंग. दिस इज गॉड.’

डग बिचारा दाढी खाजवत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, ‘मॅम, द ऑक्सिजन डझन्ट नो.’

देशातून निघाल्यापासून एक संध्याकाळ काकूंनी दिवा चुकवला नव्हता. त्यांच्या लेखी दिवा विझवणं म्हणजे काय हे डगला कसं कळणार? बापू म्हणाले, ‘निर्मला, ऐक त्याचं.’ आणि मग मी काकूंना आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं चिडलेलं पाहिलं.

‘मी ऐकू? माझ्या देवानं अंधारात बसायचं, अन् तुम्ही बाहेर जाऊन पेटवत राहायचं? तुमच्या विस्तवासाठी दार, अन् माझ्या विस्तवासाठी फुंकर?’ एवढं बोलून त्यांना धाप लागली. मग धाप ओसरल्यावर त्या सौदा केल्यासारखं म्हणाल्या, ‘मी विझवते. तुम्हीही विझवा. दोघंही विझवू.’

बापूंनी पन्नास वर्षांत तीनदा सिगारेट सोडली होती. सगळ्यात लांब मुदत अकरा दिवसांची, आणि त्या अकरा दिवसांत खाणीतल्या सहा जणांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. सोडणं त्यांना जमणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, काकूंना ठाऊक होतं, आणि मला वाटतं डगलाही दहा मिनिटांत कळलं होतं. पण तीन दिवसांनी बापू मॉलमधून दोन खोकी घेऊन आले. एकात विजेची समई होती, प्लास्टिकची, पितळी रंगाची, ज्योतीच्या जागी लुकलुकणारा बल्ब असलेली. दुसऱ्यात विजेची सिगारेट. पेनासारखी नळी, आत बॅटरी, टोकाला नारिंगी दिवा. ओढलं की दिवा लागायचा, सोडलं की विझायचा.

‘हात भाजत नाही असल्या दिव्याले नमस्कार काय करू?’ काकू म्हणाल्या. पण केला.

ई-सिगारेट तेव्हा नवीनच होती. सिगारेट बदललेले जे दोन-चार जण मला माहीत होते, त्यांना मी कारण विचारत असे. एकाला कॉन्डोच्या बाल्कनीतून शेजारणीने झापलं होतं. एकाला बायकोने सोफ्यावर झोपायला लावलं होतं. एक सोडण्यासाठी म्हणून त्यावर गेला आणि आता दोन्ही ओढायचा, जेवल्यावर खरी आणि मीटिंगनंतर खोटी. सिगारेट सोडणाऱ्याकडे एखादं कारण असतं, पण बदलणाऱ्याकडे सतरा असतात, असं माझं मत झालं. बापूंकडे तर एकट्याकडेच ती सतराच्या सतरा होती. मंडळात सांगितलं, बायकांना वास आवडत नाही. मिसिसागाहून समीरचा फोन आला तर म्हणाले, डॉक्टरने सांगितलं. डॉक्टरला म्हणाले, मुलाने सांगितलं. आमच्यातल्या एका तरुण सॉफ्टवेअरवाल्याला म्हणाले, ‘अरे, गॅजेट आहे, तुम्हीच तं म्हणता नवीन शिका.’ आणि मला म्हणाले, ‘पुणेकर, गॅरेजमध्ये उभं राहून राहून माझ्या ढुंगणाचा बर्फ झाला. बाकी काही नाही.’

खरं कारण औषधांच्या दुकानात जाताना गाडीत कळलं. काच पूर्ण उघडी होती, बाहेर उणे पंचवीस, आणि बापूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्याने असेल.

‘तिनं एकच मागितलं,’ ते रस्त्याकडे बघत म्हणाले. ‘म्हणे, दुःख नाही, राग नाही, काही नाही. मी जाईन तेव्हा तुम्ही खोलीत राहा. गॅरेजात नको. इतकंच.’ मग सिग्नलला ब्रेक दाबत म्हणाले, ‘एवढं तं जमलं पाहिजे ना बे माणसाला.’

आता ती विजेची सिगारेट खोलीत कुठवर चालेल याचा प्रश्न होता. बापूंनी डगला फोन केला, डगने त्याच्या ऑफिसला. ऑफिसला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. डग म्हणाला, ज्वाला नाही पण तापते तर खरी, मी तर म्हणेन खोलीबाहेरच ठेवा.

‘शेगडीले दहा फूट, तं याले दहा फूट,’ बापूंनी मला मराठीत सांगितलं आणि डगला इंग्रजीत.

‘आय डिडन्ट से दॅट,’ डग म्हणाला.

पण पट्टी बाहेर पडली होती. डगचंच बरोबर होतं, तसलं काही ऑक्सिजनच्या खोलीत नकोच, हे आज मी कुणालाही सांगेन. पण त्या दिवशी बापूंना थांबवायला पट्टीहून मोठं काहीतरी लागलं असतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. काकूंची खाट दिवाणखान्यात आणली होती. समोरच्या बाजूने दहा फूट मोजले असते तर खुर्ची खिडकीबाहेर बर्फात गेली असती. म्हणून मागे मोजले. उशामागच्या कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटापाशी बापूंची खुर्ची आली. कार्पेटवर त्यांनी पिवळी चिकटपट्टी लावली. तिच्या पलीकडे पेन हातात, अलीकडे आले की पेन खुर्चीवर ठेवून काकूंचा हात हातात.

पंचाईत एकच होती. काकूंना मान वळवता येईना, त्यामुळे मागे बसलेले बापू दिसेनात. त्या दर थोड्या वेळाने ‘आहा का?’ विचारायच्या आणि त्या दोन शब्दांनीही दमायच्या. मग एका दुपारी पडदे ओढलेले असताना त्यांना समोरच्या बंद टीव्हीच्या काळ्या काचेत एक नारिंगी ठिपका दिसला. लागला, विझला. पुन्हा लागला.

‘ते तुम्ही आहा का?’

‘नाही, मंगळ आहे,’ बापू मागून म्हणाले.

काकू इतक्या हसल्या की यंत्राचा आकडा वाढवावा लागला. त्या दिवसापासून विचारणं थांबलं. पडदे दिवसभर ओढलेले आणि टीव्ही कायमचा बंद. पोटात तलफ असो नसो, बापू दर दोन-तीन मिनिटांनी एक झुरका घ्यायचे आणि काचेत ठिपका लागायचा. व्हॅनिलाचा वास घरभर. ‘चाळीस वर्षं धूर दिला,’ काकू मला म्हणाल्या, ‘आता वाफ देऊन राहिले. पुढच्या जन्मी पाऊस देतील.’

असे चौदा महिने गेले. लोक म्हणायचे, बापूंची कमाल आहे, सिगारेट सुटली. सुटली कसली, निकोटिन घातलेलं पाणी त्या पेनात भरावं लागे आणि ते इथे दुकानात मिळायचं नाही, नुसतं वासाचं मिळायचं. सीमेपलीकडे नॉर्थ डकोटात खाणीतला त्यांचा एक जुना सोबती होता. तो पार्सल पाठवायचा, मोज्यांच्या जोडीत गुंडाळून.

दुसऱ्या जानेवारीत ते पार्सल सीमेवर अडकलं.

काकू नुकत्याच हॉस्पिटलमधून घरी आल्या होत्या. पुन्हा नेऊ नका, असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि घरी येणाऱ्या नर्सने बापूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता दिवसांची गोष्ट आहे. समीरचं तिकीट मंगळवारचं होतं. बापू आठ दिवस नुसती व्हॅनिलाची वाफ ओढत होते. रविवारी सकाळी अकराला मी वरणभात घेऊन गेलो तेव्हा ते घटकेघटकेला पेन ओढत होते. दाढी वाढलेली. डोळे खोल. पेन ओठाला नीट लागत नव्हतं.

‘बापू, जेवून घ्या.’

‘नाही रे.’

‘झोपा तासभर.’

‘झोप कुठली?’ आणि मग पुटपुटले, ‘डोकं फुटून राहिलं, पुणेकर.’

माझ्या कोटात पाकीट होतं. ते असतंच. मी ते काढून त्यांच्यापुढे धरलं. मीच धरलं. म्हणालो, ‘पाच मिनिटं. मी बसतो इथे. आत्ता झोपल्यात त्या.’

त्यांनी काकूंकडे पाहिलं. मग पाकिटाकडे. कोट न घालताच, नुसत्या स्वेटरवर, सपाता घालून ते गॅरेजमधून बाहेर गेले. काकूंपर्यंत वास येऊ नये म्हणून गॅरेजमध्येही थांबले नाहीत, पार रस्त्यापर्यंत गेले. बावीस मिनिटांची पाच करायची होती ना त्यांना.

दार लागल्याचा आवाज झाला आणि काकूंनी डोळे उघडले.

‘कुठं गेले?’

‘इथेच आहेत, काकू. मागे बसलेत.’

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. काच काळी होती. त्या बघत राहिल्या. श्वास वेगळाच येत होता, मधेच थांबून, विचार करून पुन्हा यावा तसा. मी उठून गॅरेजच्या दाराशी जाऊन ‘बापू!’ म्हणून ओरडलो. घराची दारं-खिडक्या थंडीसाठी दुहेरी असतात, आवाज बाहेर जात नाही. वळून पाहिलं तर माझ्या ओरडण्याने काकू घाबरल्या होत्या. बोटं चादरीवर काहीतरी शोधत होती. नजर मात्र काचेवरून हलली नव्हती. पळत रस्त्यावर जावं, तर त्या एकट्या राहतात. जवळ बसावं, तर त्या मला शोधत नव्हत्या.

मी पिवळी चिकटपट्टी ओलांडून खुर्चीत बसलो, पेन उचललं आणि ओढलं.

काचेत ठिपका लागला.

‘हं,’ काकू म्हणाल्या.

सोडलं. विझला. पुन्हा ओढलं. लागला. चादरीवरची बोटं थांबली. मी ओढत राहिलो, एक, दोन, पाच, सहा झुरके. यंत्र आपलं गुरगुरत होतं, त्यामुळे दुसरा आवाज नेमका कधी थांबला ते मला सांगता येणार नाही.

बापू आत आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर बर्फ होता. अंगाला खऱ्या सिगारेटचा वास येत होता. माझ्या हातातलं पेन त्यांनी पाहिलं, मग खाट पाहिली. ते चिकटपट्टीवर येऊन थांबले.

‘काही म्हणाली?’

मी आयुष्यात इतक्या थापा मारल्या आहेत, पण त्या वेळी एकही सुचली नाही. ‘विचारलं, कुठे गेले,’ मी म्हणालो. ‘मग ठिपका दिसला. मग हं म्हणाल्या.’

बापूंनी मान हलवली. पुढे होऊन त्यांनी यंत्राचं बटण बंद केलं. घर एकदम इतकं शांत झालं की कोपऱ्यातल्या विजेच्या समईची बारीक गुणगुण ऐकू यायला लागली.

समीर आला. मंडळ जमलं. जो तो विचारायचा, शेवटी कोण होतं जवळ? आणि बापूंनी तोंड उघडायच्या आत मी सांगायचो, ‘बापू होते ना. खोलीतच होते.’ सतरा घरांत सांगितलं. सजवून सांगितलं, तपशील घालून. बापूंनी ना कधी हो म्हटलं, ना कधी माझी थाप मोडली. फक्त चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते रस्त्यावर वाकून बसलेले दिसले. त्यांच्या सपातांचे ठसे बर्फात गोठून घट्ट झाले होते. त्या ठशांपासून दारापर्यंत आणि दारातून आत खाटेच्या जागेपर्यंत पोलादी पट्टी टप्प्याटप्प्याने सरकवत ते माप घेत होते.

‘एकाहत्तर फूट,’ मला पाहून ते म्हणाले. पट्टी सपकन गुंडाळून खिशात टाकली. ‘तू लोकांना दहा सांगून राहिला.’

डग यंत्र घेऊन गेला. आता घरात विस्तवाला बंदी नव्हती. बापूंनी पितळेची समई चिंच लावून घासली आणि काडीने पेटवली. मला वाटलं, आता सिगारेटही परत येईल. आणि आली असती तर मी एक अक्षर बोललो नसतो. नॉर्थ डकोटाचं पार्सलही उशिराने का होईना पोचलं, मोज्यांसकट. त्यांनी ते उघडलं नाही. ना खरी, ना विजेची. अकरा दिवसांचा विक्रम मोडला, महिना गेला. कुणी विचारलं कशी काय सोडली, तर त्यांच्याकडे आता सांगायला एकही कारण नव्हतं.

समीर त्यांना मिसिसागाला घेऊन जायला आला तेव्हा मार्च सुरू झाला होता. आमच्याकडे मार्च नावालाच. मी त्यांना विमानतळावर सोडलं. समीर सामान घेऊन आत निघाला. बापू त्याला म्हणाले, ‘तू हो पुढं, मी येतो पाच मिनिटांत.’ सवयीचं वाक्य होतं. मी गाडीतून पाहत होतो. दारापासून मोजल्यासारखी पावलं टाकत ते लांब गेले आणि एका जागी थांबले. कोटाची कॉलर वर केली, वाऱ्याकडे पाठ केली. चाळीस वर्षं जसे उभे राहायचे, तसेच उभे राहिले.

आतून पिवळ्या जाकिटातला एक पोरगेला गार्ड बाहेर आला. ‘सर, नो स्मोकिंग हिअर,’ तो लांबूनच ओरडला.

बापूंनी खिशातून दोन्ही हात बाहेर काढले आणि तळवे उघडे करून त्याच्यापुढे धरले. हातात काहीच नव्हतं. ते त्याला काहीतरी म्हणाले, काय ते मला ऐकू आलं नाही. गार्ड ओशाळला, आत गेला. बापू तसेच उभे राहिले, हात पुढे करून, आणि उणे तिसाच्या त्या हवेत त्यांच्या तोंडातून पांढरा धूर निघत राहिला.